फाइल की डिरेक्टरी?

कमांड प्रॉम्प्टवर 'एक्सकॉपी' कधी चालवली असेल तर हा अनुभव तुम्हालाही आला असेल. कुठलं फोल्डर उचलायचं ते सांगितलं, कुठे न्यायचं ते सांगितलं, एंटर मारला. आणि पठ्ठ्या काम करायचं सोडून उलट आपल्यालाच विचारतो, हे जे शेवटचं नाव दिलंय ते फाइलचं आहे की डिरेक्टरीचं? फाइल असेल तर एफ दाबा, डिरेक्टरी असेल तर डी दाबा.

समोर बसलेले असाल तर डी दाबून मोकळे व्हाल. पण हीच ओळ एखाद्या बॅच फाइलमध्ये असेल, आणि ती फाइल रात्री दोन वाजता आपोआप चालायला लावली असेल, तर सकाळपर्यंत तो प्रश्न तसाच पडून राहतो. कोणी उत्तर देत नाही, काही कॉपी होत नाही. '/आय' हा स्विच दिला की प्रश्न येत नाही, हे कोणीतरी सिनियर आपल्याला सांगतो आणि आपण ते पाठ करून टाकतो. पण मुळात असा बावळट प्रश्न या प्रोग्रामला पडतोच का? फोल्डर कॉपी करायला सांगितलं तर पलीकडे फोल्डरच होणार ना!

गेले दोन-तीन वीकेंड मी याच्या मागे लागलो होतो. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा सोर्स २०१८ मध्ये गिटहबवर टाकला, ४.०० चा २०२४ मध्ये. बहुतेक सगळं ८०८६ असेंब्लीत. रविवारी दुपारी जेवण झाल्यावर असेंब्ली वाचणं हा झोपेवर रामबाण उपाय आहे, पण आजूबाजूचा इतिहासही सोबत वाचत गेलं की बऱ्याच गाठी सुटतात. थोडक्यात सांगायचं तर, डॉस जन्माला आलं तेव्हा त्याला फोल्डर ही गोष्टच माहीत नव्हती. नंतर जे काही आलं ते ठिगळ आहे. आणि कुठलं ठिगळ कुठल्या वर्षी लागलं हे कळलं की बॅच फाइलमधला वेडेपणा बऱ्यापैकी समजायला लागतो.

सुरुवात डॉसच्याही आधीपासून करावी लागेल. गॅरी किल्डॉलने १९७४ मध्ये सीपी/एम लिहिलं. ए:, बी: ही ड्राइव्हची अक्षरं आणि आठ अधिक तीन अक्षरांची फाइलनावं आपल्याकडे तिथूनच आली. तिथे कॉपीसाठी 'पिप' नावाचा प्रोग्राम होता. गंमत म्हणजे त्यात 'कुठे' आधी लिहायचं आणि 'कुठून' नंतर, मध्ये बरोबरचं चिन्ह. म्हणजे आपण प्रोग्राममध्ये व्हेरिएबलला किंमत देतो ना, अगदी तसं. एकामागून एक कमांड आपोआप चालवायला 'सबमिट' नावाची सोय होती, बॅच फाइलची ती मोठी बहीणच म्हणा.

१९८० मध्ये सिॲटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्समध्ये टिम पॅटरसनने ८०८६ साठी जी सिस्टीम लिहिली, ती मायक्रोसॉफ्टने जुलै १९८१ मध्ये विकत घेतली. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी बाजारात आला तो हीच सिस्टीम घेऊन. पॅटरसनने 'पिप'चा उलटा क्रम सोडून दिला आणि सरळ 'कॉपी' ठेवलं, आधी कुठून, मग कुठे. शिवाय 'कॉपी' ही वेगळी फाइल न ठेवता कमांड डॉट कॉमच्या पोटातच घातली. त्यामुळे डॉसची फ्लॉपी काढून दुसरी घातली तरी कॉपी चालायची.

आता त्या फ्लॉपीकडे बघा. १६० केबी. तिच्यावर जास्तीत जास्त ६४ फाइलींची नावं मावायची. बास. ६४ फाइलींसाठी फोल्डर कशाला हवेत? 'डिर' म्हटलं की फार तर तीन स्क्रीनमध्ये सगळं दिसायचं. 'शोधणं' हा प्रश्नच नव्हता. फ्लॉपीच्या कव्हरवर पेन्सिलीने लिहिलेलं असायचं, तेच सर्च इंजिन!

मार्च १९८३ मध्ये आयबीएमने पीसी एक्सटी आणला. त्यात १० एमबीची हार्ड डिस्क. म्हणजे तशा साठ-पासष्ट फ्लॉप्या एका खोक्यात. सगळ्या फाइली एका सपाट यादीत टाकून आता भागणार नव्हतं, म्हणून डॉस २.० मध्ये युनिक्सवरून डिरेक्टरींची कल्पना उचलली गेली. नावांच्या मधली तिरकी रेघ मात्र उलटी घ्यावी लागली, कारण सरळ तिरकी रेघ स्विचसाठी आधीच वापरात होती. त्याच आवृत्तीत बॅच फाइलला 'इफ', 'गोटू', 'फॉर' मिळाले. त्याआधी बॅच फाइल म्हणजे नुसती कमांडची यादी होती, आता तिला भाषा म्हणता येऊ लागलं. लंगडी का होईना.

पण युनिक्सवरून उचलताना एक जोडी मागेच राहिली, आणि माझ्या मते सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

युनिक्समध्ये सत्तरच्या दशकातच डिक हाइटने 'फाइंड' आणि 'सीपीआयओ' हे दोन प्रोग्राम लिहिले होते, आणि तेही एकमेकांच्या जोडीने वापरण्यासाठी. फाइंडने झाडभर फिरून नावं काढायची, पाइपमधून सीपीआयओकडे द्यायची, सीपीआयओने त्या गोष्टी जशाच्या तशा, वाटेतल्या फोल्डरांसकट, दुसरीकडे उभ्या करायच्या. शोधणारा वेगळा, उचलणारा वेगळा, मध्ये नावांची यादी. इतकं साधं.

डॉस २.० मध्येही पाइप आला. (एका वेळी एकच प्रोग्राम चालणार, त्यामुळे पाइप म्हणजे आतून चक्क एक तात्पुरती फाइल. असो.) 'फाइंड' नावाची कमांडसुद्धा आली, पण ती फाइल शोधत नाही, फाइलच्या आतला मजकूर शोधते! आणि 'कॉपी'ला पाइपमधून नावं घेता येत नाहीत. म्हणजे पाइप आहे, पण त्याच्या एका टोकाला शोधणारा नाही आणि दुसऱ्या टोकाला उचलणारा नाही. विंडोजवर युनिक्सची टूल्स टाकलेल्यांना 'फाइंड' म्हटल्यावर भलताच फाइंड कधी ना कधी भेटलेला असतो, त्याचं मूळ हेच.

एक्सकॉपी आली १९८६ मध्ये, डॉस ३.२ सोबत. '/एस' म्हटलं की ती खालच्या फोल्डरांत उतरायची, '/ई' म्हटलं की रिकामी फोल्डरंही घ्यायची. 'कॉपी' एकेक फाइल वाचायची आणि लिहायची. ही मेमरीत मावतील तितक्या फाइली आधी वाचून घ्यायची आणि मग एकदम लिहायची, त्यामुळे फ्लॉपीवर ती चांगलीच जलद वाटायची. पण व्याकरण तिने 'कॉपी'चंच ठेवलं, कुठून आणि कुठे. आणि 'कॉपी'च्या जगात शेवटचं नाव फाइलचं असू शकतं, कारण कॉपी करता करता नाव बदलणं हे 'कॉपी'चं जुनं काम. फोल्डर नसलेल्या जगातलं व्याकरण फोल्डरांवर लावल्यावर, अस्तित्वातच नसलेलं ते शेवटचं नाव नेमकं कशाचं, हे तिला कळणार कसं? म्हणून ती विचारते. प्रश्न बावळट नाही. दोन वर्षांच्या, म्हणजे १९८१ आणि १९८३ च्या, मध्ये ती अडकली आहे.

शोधण्याचं काय? 'डिर /एस' यायला १९९१ चं डॉस ५ उजाडावं लागलं. आता झाडभरची नावं मिळायला लागली, पण ती बॅच फाइलच्या हातात कशी द्यायची? डॉसच्या बॅचला फाइलमधली ओळ वाचून व्हेरिएबलमध्ये घालता येत नव्हती. इथे लोकांनी जे जुगाड केले त्याला तोड नाही. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे आजची तारीख मिळवायचं. 'डेट' कमांडचं आउटपुट एका बॅच फाइलमध्ये वळवायचं. त्यातली पहिली ओळ 'करंट डेट इज' अशी सुरू होते. आता ती फाइल चालवायची! डॉसला वाटतं 'करंट' ही कमांड आहे. आपण आधीच 'करंट डॉट बॅट' नावाची फाइल करून ठेवलेली असते. ती चालते, आणि ओळीतले पुढचे शब्द तिला पॅरामीटर म्हणून मिळतात. 'डेट' पहिला, 'इज' दुसरा, वार तिसरा आणि चौथा म्हणजे तारीख. भाषेत वाचायची सोय नाही, तर वाचायचा मजकूरच प्रोग्राम म्हणून चालवून टाकला. हे सुचलेल्या माणसाला साष्टांग नमस्कार.

याचं सरळ उत्तर आलं विंडोज एनटी ४ मध्ये, १९९६ ला. 'फॉर /एफ' दुसऱ्या कमांडचं आउटपुट ओळीओळीने हातात देतो. 'फॉर /आर' झाडभर फिरतो, 'फॉर /डी' फक्त फोल्डर देतो. हे दोन एकत्र लावले की नावावरून फोल्डर शोधता येतात. म्हणजे डिक हाइटच्या जोडीतला पहिला भिडू आपल्याकडे वीसेक वर्षं उशिरा पोचला. (आणि ते प्रॉम्प्टवर एक टक्क्याचं चिन्ह आणि बॅच फाइलमध्ये दोन? बॅच फाइलमध्ये टक्का-एक, टक्का-दोन हे पॅरामीटर म्हणून आधीच राखून ठेवलेले. ओळ चालायच्या आधी ते भरले जातात, आणि त्या फेरीत दोन टक्क्यांचा एक होतो. म्हणून 'फॉर'च्या व्हेरिएबलला दोन द्यायचे, म्हणजे एक तरी शिल्लक राहतो. वरण वाढताना सांडणार हे धरून जास्त घेतात तसं.)

तोवर विंडोज ९५ ने लांब नावं आणली होती. नावात स्पेस आली आणि आठ-तीनवर पोसलेल्या बॅच फाइली धडाधड पडल्या. 'प्रोग्राम फाइल्स' म्हणजे त्यांना दोन वेगवेगळे शब्द वाटायचे. अवतरणचिन्हं घालणं आणि 'फॉर /एफ'ला तोडायचं चिन्ह रिकामं देणं, हे दोन संस्कार तेव्हापासूनचे.

जोडीतला दुसरा भिडू म्हणजे रोबोकॉपी. मायक्रोसॉफ्टमधल्या केव्हिन ॲलनने लिहिलेली, एनटी ४ च्या रिसोर्स किटमधून पहिल्यांदा बाहेर आलेली. २००७ च्या व्हिस्टापासून ती विंडोजसोबतच येते. हिला फोल्डर कळतात, फक्त फोल्डरच कळतात. 'एफ की डी' हा प्रश्न ती विचारूच शकत नाही. 'रोबो' म्हणजे यंत्रमानव नव्हे, 'रोबस्ट', दणकट. ती लिहिली गेली सारखं तुटणाऱ्या नेटवर्कसाठी, आणि हे तिच्या स्वभावात दिसतं. आपण वेगळं काही सांगितलं नसेल तर, फाइल उघडली नाही की ती ३० सेकंद थांबते आणि पुन्हा प्रयत्न करते. किती वेळा? १० लाख वेळा. हिशोब करून बघा, ३ कोटी सेकंद, म्हणजे जवळजवळ ३४७ दिवस. आउटलुक उघडं ठेवून बॅकअप लावलात तर तुमचं अप्रेझल येऊन जाईल, ती अजून त्या एकाच फाइलपाशी उभी असेल :)

ते विनोदी आहे. पण माझ्या मते या सगळ्या इतिहासात खरोखर धोकादायक गोष्ट वेगळीच आहे, काम झालं की नाही हे या कमांड कशा सांगतात ती.

प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो, एररलेव्हल. डॉसमधल्या 'कॉपी'ने तो ठेवलाच नाही, पोटातल्या कमांडला ती पद्धतच नव्हती. एक्सकॉपीने ठेवला. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे कॉपी करायला काही सापडलंच नाही. रोबोकॉपीत ० म्हणजे कॉपी करायला काही नव्हतंच, आणि १ म्हणजे फाइली व्यवस्थित कॉपी झाल्या! बरोब्बर उलटं. तिचा आकडा म्हणजे एकेका बिटची बेरीज आहे. २ म्हणजे पलीकडे जादा काही आहे, ४ म्हणजे काही जुळत नाही, ८ म्हणजे काही फाइली राहिल्या, १६ म्हणजे सगळंच बोंबललं. शिवाय बॅचमधला 'इफ एररलेव्हल १' याचा अर्थ 'एक किंवा जास्त'. आता कल्पना करा, वीस वर्षं जुनी स्क्रिप्ट, तिच्यात कोणीतरी 'एक्सकॉपी' खोडून 'रोबोकॉपी' लिहिलं, खालची तपासणी तशीच ठेवली. यशस्वी बॅकअपला ती 'फेल' म्हणणार. आठवडाभर रोज फेलची मेल येणार, मग कोणीतरी वैतागून तपासणीच काढून टाकणार. आणि ज्या दिवशी खरंच ८ येईल त्या दिवशी सगळं शांत. हे काल्पनिक वाटत असेल तर आपल्याच प्रोजेक्टमधली 'कॉपी_फायनल_नवीन डॉट बॅट' उघडून बघा.

'/मिर'बद्दल एवढंच सांगतो की तो आरसा आहे. स्रोतात जे नाही ते पलीकडूनही जातं. स्रोताची जागा चुकून रिकाम्या फोल्डरकडे दाखवली तर आरसा प्रामाणिकपणे रिकामं होणार.

आता आपल्या बाजूची गोष्ट, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. माझ्या मावशीने दहा-बारा वर्षं जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. खेडोपाडी फिरून, आधी वहीत, मग काँप्युटरवर. फोल्डरांची नावं शुद्ध देवनागरीत. गावाचं नाव, त्यात 'ओव्या', त्यात बाईंचं नाव. जुनी डिस्क कुरकुर करायला लागली तेव्हा ती म्हणाली, "अरे, सगळं नको, फक्त ओव्यांची फोल्डरं काढून दे, पण एकही राहता कामा नये." म्हणजे शोधा आणि उचला, हुबेहूब. 'डिर'चं आउटपुट फाइलमध्ये घेऊन यादी उघडली तर नुसती प्रश्नचिन्हं.

विंडोजमध्ये मराठीला जुन्या पद्धतीचं सिस्टीम कोडपेज कधी मिळालंच नाही; विंडोज २००० पासून आपण थेट युनिकोडमध्ये आलो. फाइल सिस्टीममध्ये नाव नीट असतं. पण 'डिर'चं आउटपुट पाइपमधून किंवा फाइलमध्ये जाताना ते जुन्या अमेरिकन ४३७ सारख्या कोडपेजमध्ये बदललं जातं, आणि तिथे 'ओ'ला जागा नाही. प्रत्येक चिन्हाचं '?' होतं. आणि कहर म्हणजे डॉसच्या भाषेत '?' म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'! म्हणजे ती यादी 'फॉर /एफ'ने उचलून कॉपीला दिली तर नाव चुकतंच, वर ते भलत्याच कशालाही लागू पडू शकतं. दोन तितक्याच लांबीच्या गावांत फरकच उरत नाही.

एक खूण लक्षात ठेवा. काळ्या खिडकीत चौकोन दिसले तर घाबरू नका, फॉन्ट नाही एवढंच, नाव आत शाबूत आहे. यादीच्या फाइलमध्ये प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र नाव गेलं. उपाय दोन आहेत. 'सीएचसीपी ६५००१' म्हणून आधी यूटीएफ-८ चं कोडपेज घ्यायचं. किंवा 'डिर'ला मध्ये आणायचंच नाही. 'फॉर /डी /आर' स्वतः फोल्डर शोधतो, आणि तो आतल्या आत युनिकोडच वापरतो, नाव पाइपमधून जातच नाही. बॅच फाइल पूर्ण इंग्रजीत ठेवायची आणि 'ओव्या' हा शब्द चालवताना पॅरामीटर म्हणून द्यायचा, म्हणजे फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये सेव्ह केली याचीही भानगड नाही. मी दुसरा मार्ग घेतला.

अजून एक अडचण होती. 'ओव्या' नावाची फोल्डरं निघाली ४१. सगळी उचलून एका जागी टाकली असती तर एकात एक मिसळून एकच 'ओव्या' झालं असतं, आणि सारख्या नावाच्या फाइली एकमेकींवर बसल्या असत्या. सीपीआयओ हे आपणहून सांभाळायचा, इथे ते आपल्याला करावं लागतं. एनटी ४ पासून 'फॉर'च्या व्हेरिएबलला टिल्ड आणि 'पी', 'एन', 'एक्स' लावून ड्राइव्हचं अक्षर वगळता उरलेला पूर्ण मार्ग मिळतो. तो नव्या जागेच्या पुढे जोडला की प्रत्येक 'ओव्या' आपापल्या गावाखाली जाऊन बसतं. मग रोबोकॉपीला '/ई', दोनदाच प्रयत्न, मध्ये ५ सेकंद, आणि '/एक्सजे'. हा शेवटचा जंक्शन टाळतो. व्हिस्टानंतरच्या विंडोजमध्ये 'ॲप्लिकेशन डेटा'सारखी फसवी फोल्डरं स्वतःतच परत शिरतात, आणि कॉपी त्यांच्यामागे गोल गोल फिरत बसते. ओव्यांच्या डिस्कवर ती नसतील, तरी सवय म्हणून घालतो. प्रत्येक फोल्डरनंतर 'इफ एररलेव्हल ८' असेल तर त्याचं नाव वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. कोडपेज यूटीएफ-८ करूनच, नाहीतर ते नावही प्रश्नचिन्हांत जायचं.

३८ फोल्डरं पहिल्याच फेरीत आली. तीन त्या वेगळ्या फाइलमध्ये सापडली, तिथे डिस्कच वाचली जात नव्हती. दोन संध्याकाळी पुन्हा पुन्हा चालवून त्यातली दोन मिळाली. तिसऱ्यातल्या सात फाइली गेल्या. कुठल्या सात, त्यांची नावं लॉगमध्ये नीट मराठीत होती. मावशीने ती यादी घेतली, माळ्यावरच्या ट्रंकेतून वह्या काढल्या, आणि आता ती त्या सात पुन्हा टाइप करते आहे.